नवा राउटर, तोच पासवर्ड, आणि लॅपटॉप म्हणतो 'की बरोबर नाही'

मृगजळ (शनिवार, रात्री १०:०५)

मंडळी, दोन संध्याकाळी वाया घालवून शेवटी इथे आले आहे.

घरचा राउटर म्हातारा झाला होता, दिवसातून दोनदा मान टाकायचा. म्हणून नवा बसवला. हुशारी अशी केली की नव्यालाही जुन्याचंच नाव आणि जुनाच पासवर्ड दिला, म्हणजे घरातली यंत्रं आपसूक जोडली जातील आणि मला एकेकाच्या पाया पडत फिरायला नको. तसं झालंही. दोन्ही फोन, टीव्ही, प्रिंटर निमूट जोडले गेले. अडून बसला तो फक्त माझा लॅपटॉप, आणि माझं सगळं काम नेमकं त्याच्यावरच.

आधी म्हणाला, 'या नेटवर्कला जोडता येत नाही'. त्याला ते नेटवर्क विसरायला लावलं आणि पासवर्ड नव्याने टाकला. आता म्हणतो, 'नेटवर्क सिक्युरिटी की बरोबर नाही'. अहो, बरोबर आहे! त्याच कीवर फोन चाललाय. अकरा वेळा टाइप केली, त्यातली तीन वेळा मोठ्याने म्हणत.

लॅपटॉप २०१३चा आहे, विंडोज १०. फोनचा हॉटस्पॉट दिला की लगेच जोडतो, म्हणजे वायफाय कार्ड जिवंत आहे. जुना राउटर परत लावला तरी जोडतो. नव्या राउटरच्या सेटिंगमध्ये सिक्युरिटीपुढे 'डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३' असं दिसतं. घरून सल्ला मिळालाय की पासवर्डच काढून टाक, कटकट मिटेल. तसं करण्याआधी जाणकारांना विचारावं म्हटलं.

शून्यवादी

मोठ्याने तीनदा म्हटलात ना? मग शेजारच्यांचा लॅपटॉप एव्हाना जोडला गेला असेल. यादी तपासा.

टिपकागद

मृगजळ, पासवर्ड काढू नका. आधी साधी तपासणी: पासवर्डच्या चौकटीत उजवीकडे डोळ्याचं चिन्ह असतं, ते दाबून नक्की काय टाइप होतंय ते बघा. कुठून कॉपी करून चिकटवत असाल तर शेवटी एक रिकामी जागा सोबत येते. ती डोळ्याला दिसत नाही, पण राउटरच्या लेखी तेही एक अक्षर. शिवाय शून्य आणि इंग्रजी ओ, एक आकडा आणि एल.

आजोबा_ऑनलाइन

माझा अनुभव सांगतो, हसू नका. मागे मीसुद्धा असाच अडकलो होतो. पासवर्डात चार आकडे होते. कळफलक मराठीवर राहिला होता, त्यामुळे आकडे देवनागरीत उमटत होते. चौकटीत सगळे काळे ठिपकेच दिसतात, मला काय कळणार! डोळ्याचं चिन्ह असतं हे आज टिपकागद यांच्याकडून समजलं. उशीर झाला, पण समजलं.

अर्धवट_अभियंता

आजोबा, तुम्ही एकटे नाही. वायफायचा पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा असतो आणि त्यात फक्त साधी रोमन अक्षरं, आकडे आणि चिन्हं चालतात. देवनागरी ५ आणि रोमन पाच हे संगणकाला एकमेकांचे नातेवाईकसुद्धा वाटत नाहीत.

नावाचं मात्र वेगळं आहे. नेटवर्कचं नाव देवनागरीत देता येतं. मर्यादा ३२ बाइटची, आणि आपलं प्रत्येक चिन्ह, काना, मात्रा, अनुस्वार धरून, तीन बाइट खातं. मी मोठ्या हौसेने 'शेजाऱ्यांनी हात लावू नये' असं नाव ठेवायला गेलो. नुसत्या 'शेजाऱ्यांनी' या शब्दालाच ३३ बाइट लागतात. एका बाइटने हुकलं हो!

शून्यवादी

'शेजाऱ्यानी' लिहा. अनुस्वार वाचला की तीन बाइट वाचले. शुद्धलेखनवाले तेवढे चिडतील.

टिपकागद

धागा पहिल्या तासातच भरकटवल्याबद्दल दोघांचं अभिनंदन.

जुनं_ते_सोनं

ताई, यात अवघड काही नाही. लॅपटॉप जुना आहे, राउटर नवा आहे, तर राउटरला जरा खाली उतरवा. सिक्युरिटीमध्ये 'डब्ल्यूपीए, टीकेआयपी' असा पर्याय सापडेल, तो लावा. तरीही नाही जमलं तर पासवर्ड काढा, नेटवर्कचं नाव लपवा आणि मॅक फिल्टर लावून फक्त आपल्याच यंत्रांना परवानगी द्या. नाव दिसलंच नाही तर येतंय कोण? माझ्याकडे वर्षानुवर्षं असंच आहे, काडीचा त्रास नाही.

बिनतारी (रविवार, सकाळी ७:४०)

जुनं_ते_सोनं, तुमच्या सल्ल्याकडे नंतर येतो. आधी मृगजळ यांचं.

'की बरोबर नाही' हे राउटरचं म्हणणं नाही, हे आधी लक्षात घ्या. तो तुमच्या लॅपटॉपचा अंदाज आहे.

डब्ल्यूपीए२ म्हणजे वायफायच्या कुलपाची एक पद्धत, डब्ल्यूपीए३ ही तिच्यानंतरची. डब्ल्यूपीए२मध्ये पासवर्ड हवेतून जातच नाही. पासवर्ड आणि नेटवर्कचं नाव एकत्र घेऊन, त्यावर ४०९६ फेऱ्यांचं गणित करून, दोन्ही बाजू आपापल्या जागी एक किल्ली तयार करतात. मग चार निरोपांची देवाणघेवाण होते. पहिला निरोप राउटरचा. दुसरा लॅपटॉपचा, त्यावर त्या किल्लीतून निघालेली मोहोर. मोहोर जुळली नाही तर राउटर 'चूक' असं म्हणत नाही. तो नुसता गप्प बसतो, पहिलाच निरोप पुन्हा पाठवतो आणि थोड्या वेळाने दार लावून घेतो. इकडे लॅपटॉपला एवढंच कळतं की आपल्या उत्तरानंतर काही आलं नाही. बहुतेक वेळा कारण चुकीचा पासवर्ड असतं, म्हणून तो तसा संदेश दाखवतो. पण निरोप वाटेत हरवला, ड्रायव्हर (वायफाय कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) गोंधळला, दोघांचं सिक्युरिटीच्या प्रकारावर एकमत झालं नाही, तरी संदेश तोच.

तुमच्या बाबतीत तर की चुकीची नसल्याची जवळजवळ खात्रीच देता येते. ती किल्ली फक्त नाव आणि पासवर्ड यांपासून बनते. राउटर कुठला, याचा त्यात संबंध नाही. नाव तेच, पासवर्ड तोच, म्हणजे नव्या राउटरची किल्ली जुन्या राउटरच्या किल्लीशी अक्षरशः जुळणारी आहे. जुन्यावर लॅपटॉप चालतो, नव्यावर फोन चालतो. किल्ली निर्दोष आहे.

पहिली तक्रार वेगळी होती बघा, 'जोडता येत नाही'. लॅपटॉप नावासोबत सिक्युरिटीचा प्रकारही साठवून ठेवतो. नाव ओळखीचं, पण प्रकार भलताच, म्हणून तो बिथरला. नेटवर्क विसरायला लावलंत ते योग्यच केलंत. त्याने पहिला अडथळा गेला आणि खरा अडथळा समोर आला.

माझा संशय त्या 'डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३'वर आहे. या मिश्र प्रकारात राउटर आपल्या जाहिरातीत दोन्ही पद्धती घोषित करतो, शिवाय 'नियंत्रणाचे निरोपही सुरक्षित करू शकतो' असं सांगतो. त्याला पीएमएफ म्हणतात. हे मानक २००९चं आहे आणि डब्ल्यूपीए३मध्ये ते सक्तीचं आहे. जुन्या यंत्राने खरं तर न कळणारं सोडून द्यावं आणि डब्ल्यूपीए२ निवडावं. पण काही जुने ड्रायव्हर ती यादी पाहूनच गांगरतात. फोनचा हॉटस्पॉट साधा डब्ल्यूपीए२ असणार, म्हणून तिथे जमलं.

आता एक करा. स्टार्ट मेनूतून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि हे टाइप करा: नेटश डब्ल्यूलॅन शो ड्रायव्हर्स. जे येईल त्यात तीन गोष्टी बघा: ड्रायव्हरची तारीख, सिक्युरिटीच्या प्रकारांची यादी, आणि '८०२.११डब्ल्यू'पुढे (हेच ते पीएमएफ) हो आहे की नाही.

अर्धवट_अभियंता

तो आदेश रोमन लिपीत टाइप करा बरं का. देवनागरीत दिलात तर ती काळी खिडकी आजोबांच्या राउटरसारखी रुसेल.

पेंग्विनप्रेमी

बिनतारी यांच्या अंदाजाच्या मुद्द्याला दुजोरा. लिनक्सवर याच प्रसंगी नोंदवहीत जी ओळ येते तिचा अर्थ असा: 'चार टप्प्यांची ओळखपरेड फसली, की चुकीची असू शकते'. 'असू शकते', बघा! त्या एका शब्दात प्रामाणिकपणा आहे. बाकीच्या प्रणालींनी तो शब्द गाळला आणि लोक अकरा वेळा पासवर्ड टाइप करत बसले.

शून्यवादी

पेंग्विनप्रेमी आले म्हणजे आता 'लिनक्स टाका' यायला किती प्रतिसाद? मी दोन म्हणतो.

पेंग्विनप्रेमी

लिनक्स टाका.

शून्यवादी

हरलो.

बिनतारी

आता जुनं_ते_सोनं यांच्याकडे. राग मानू नका, पण तुमचा सल्ला म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. अडचण एका लॅपटॉपची, आणि कुलूप काढायचं सगळ्या घराचं.

टीकेआयपी ही मुळात तात्पुरती डागडुजी होती. १९९७च्या मूळ मानकात डब्ल्यूईपी नावाचं कुलूप होतं. त्यात दर पाकिटाला जो बदलता आकडा जोडतात तो अवघा २४ बिटांचा, त्यामुळे तो पुन्हा पुन्हा यायचा. २००१मध्ये फ्लुरर, मँटिन आणि शमीर यांनी त्यात वापरलेल्या संकेतनातली दुर्बलता दाखवली आणि मग डब्ल्यूईपीची किल्ली नुसती ऐकून काढता येऊ लागली. बाजारात लाखो यंत्रं आधीच गेलेली. ती फेकून न देता वाचवायची म्हणून २००३मध्ये डब्ल्यूपीए आणि टीकेआयपी आलं. खरा उपाय, एईएस या भक्कम संकेतनाचा डब्ल्यूपीए२, २००४चा. म्हणजे तुम्ही २०१३च्या लॅपटॉपला २००३चं ठिगळ लावायला सांगताय, तेही त्याला २००४चं कापड व्यवस्थित बसत असताना.

वेगाचंही बघा. टीकेआयपी निवडलं की वायफाय ८०२.११एनचा, म्हणजे त्यानंतरच्या वेगवान पिढीचा, वेग देतच नाही, ५४ मेगाबिटवर अडकतं. पुष्कळ घरांत 'नेट संथ आहे' या तक्रारीचं मूळ इथे सापडतं.

जुनं_ते_सोनं

वेगाचं मान्य, ते मला माहीत नव्हतं. पण मॅक फिल्टर आणि लपवलेलं नाव यात काय वाईट आहे? यादीत नसलेला माणूस आत येणार कसा?

टिपकागद

यादीतल्या माणसाचं नाव सांगून. मॅक पत्ता, म्हणजे प्रत्येक यंत्राच्या वायफायचा ओळख क्रमांक, हवेतून उघडाच जातो, पासवर्ड असला तरी. ऐकणारा तो टिपून घेतो आणि आपल्या यंत्राला तोच लावतो. उलट घरातले नवे फोन आणि लॅपटॉप हल्ली स्वतःचा खरा पत्ता लपवून बनावट पत्ता वापरतात, त्यामुळे तुमचा फिल्टर अडवणार घरच्याच माणसांना. चोर सोडून संन्याशाला सुळी.

नाव लपवणं तर त्याहून वाईट. राउटर नाव सांगत नाही, म्हणून लॅपटॉपलाच बाहेर गेल्यावरसुद्धा 'अमुक नेटवर्क आहे का, अमुक आहे का' असं पुकारत राहावं लागतं. घरात लपवलं आणि गावभर ओरडलं, अशातली गत.

जुनं_ते_सोनं

प्रकाटाआ.

(प्रतिसाद काढून टाकला आहे. घरी जाऊन सेटिंग बघतो.)

धूमकेतू

एवढं कशाला? राउटरच्या मागे डब्ल्यूपीएसचं बटण असतं ना? ते दाबा, दोन मिनिटांत जोडलं जातं. पासवर्डची भानगडच नाही.

बिनतारी

बटण त्यातल्या त्यात बरं, पण त्याच सोयीत आठ आकडी पिनही असतो आणि गळती तिथे आहे. आठ आकडे म्हणजे दहा कोटी शक्यता वाटतात. शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा, म्हणून उरले सात. त्यात राउटर पिनचे दोन तुकडे वेगवेगळे तपासतो, पहिले चार आणि नंतरचे तीन. म्हणजे जास्तीत जास्त १०,००० अधिक १,०००, एकूण ११,००० प्रयत्न. श्टेफान फीबॉक यांनी हे २०११च्या डिसेंबरमध्ये जाहीर केलं. डब्ल्यूपीए३ सुरू असेल तर बऱ्याच राउटरवर डब्ल्यूपीएस चालतही नाही. बंद करून ठेवा.

मृगजळ (रविवार, दुपारी १२:२०)

बिनतारी, दंडवत. आदेश चालवला (रोमनमध्ये!). ड्रायव्हरची तारीख २०१३. यादीत डब्ल्यूपीए३ नाही, डब्ल्यूपीए२ आहे. ८०२.११डब्ल्यूपुढे 'नाही'. मग राउटरमध्ये जाऊन मिश्र प्रकार काढला, फक्त 'डब्ल्यूपीए२, एईएस' ठेवलं. लॅपटॉपने पहिल्या झटक्यात हात मिळवला. मी अक्षरशः टाळी वाजवली.

पण आता नवीनच भीती. राउटरमध्ये गेलेच आहे तर जोडलेल्या यंत्रांची यादी पाहिली. त्यात एक अनोळखी यंत्र आहे! नाव नाही, नुसता पत्ता. फोन दोन, टीव्ही एक, प्रिंटर एक, लॅपटॉप एक, आणि हे सहावं. कोणी घुसलंय का? पासवर्ड बदलू का?

शून्यवादी

सांगितलं होतं, मोठ्याने म्हणू नका.

टिपकागद

घाबरू नका. त्या पत्त्याचं दुसरं अक्षर बघा. २, ६, ए किंवा ई असेल तर तो बनावट पत्ता आहे, आणि तो बहुधा एखाद्या फोननेच लावलेला असतो. प्रत्येक फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये त्या नेटवर्कपुढे तो कोणता पत्ता वापरतोय ते दिसतं. एकेक जुळवून पाहा. मग उरलेल्यांची वायफाय एकेक करून बंद करा आणि यादीतून कोण गळतं ते पाहा.

आजोबा_ऑनलाइन

आमच्याकडेही असाच घुसखोर सापडला होता. शेवटी तो वजनकाटा निघाला. न्हाणीघरातला वजनकाटा इंटरनेटवर काय करतो, हे मला आजतागायत कोणी सांगितलेलं नाही.

अर्धवट_अभियंता

तुमचं वजन दुसऱ्या खंडातल्या संगणकाला कळवतो, आजोबा. मग तो संगणक तेच वजन तुमच्या फोनला कळवतो.

मृगजळ (रविवार, दुपारी १:०५)

दुसरं अक्षर ई. आईचा टॅब निघाला. गेले दोन दिवस ती दुसऱ्या खोलीत शांतपणे मालिका बघतेय आणि मी इथे वायफाय चालत नाही म्हणून रडतेय. तिला कोणी विचारलंच नाही.

टिपकागद

सगळ्यात सुरक्षित यंत्र तेच, ज्याची कोणालाच आठवण नाही.

मृगजळ (रविवार, संध्याकाळी ६:३५)

पुन्हा मीच. लॅपटॉप जोडलेला राहतो, पण मध्येच तुटतो. दहा-पंधरा सेकंद जातात आणि परत जोडतो. आधी वाटलं भिंतीचा दोष, राउटरच्या शेजारी बसले, तरी तेच. वेळा लिहून ठेवल्या: २:२१, ३:२१, ४:२१, ५:२१, ६:२१. हे काय प्रकरण आहे?

धूमकेतू

पॉवर सेव्हिंग. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डाच्या गुणधर्मांत 'वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या' अशी टिकमार्क असते, ती काढा. माझं त्यानेच बरं झालं होतं.

जुनं_ते_सोनं

किंवा लॅपटॉपची तारीख-वेळ चुकलेली असेल. जुन्या लॅपटॉपचा आतला सेल संपतो, घड्याळ मागे पडतं, मग सुरक्षेची सगळी गणितं चुकतात.

बिनतारी

मृगजळ, वेळा लिहून ठेवल्यात हे फार उत्तम केलंत. निम्मं निदान तिथेच झालं.

तारखेचा इथे संबंध नाही. घरगुती पासवर्डच्या वायफायला घड्याळ लागत नाही. कार्यालयात प्रमाणपत्रावर चालणारं नेटवर्क असतं, तिथे तारीख चुकली की दार बंद. घरी घड्याळ चुकलं तर वायफाय जोडलं जातं, पण संकेतस्थळं 'सुरक्षित नाही' म्हणून ओरडतात.

वीज वाचवण्याचा उपाय करून बघायला हरकत नाही, पण तो दोष असा मिनिटाला धरून येत नाही. बरोब्बर तासाने म्हणजे ३६०० सेकंद. पुष्कळ राउटरवर 'ग्रुप की' बदलण्याचा काळ तेवढाच असतो. प्रत्येक यंत्राची राउटरशी स्वतंत्र किल्ली असते, आणि सगळ्यांना एकदम सांगायच्या गोष्टींसाठी एक सामाईक किल्ली. ती सामाईक किल्ली राउटर ठरावीक वेळाने बदलतो, प्रत्येकाला नवी पाठवतो आणि 'मिळाली' अशी पोच मागतो. पोच आली नाही की त्या यंत्राला बाहेर काढतो. तुमचा २०१३चा ड्रायव्हर ती पोच देण्यात कुठेतरी कमी पडत असावा.

राउटरच्या नोंदवहीत ६:२१ची ओळ शोधा. कारण क्रमांक १६ दिसला तर ग्रुप कीची पोच आली नाही, हे नक्की. पासवर्डच्या ओळखपरेडीत अडलं असतं तर १५ दिसला असता. लॅपटॉपच्या बाजूनेही पाहायचं असेल तर प्रशासक म्हणून उघडलेल्या काळ्या खिडकीत नेटश डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट द्या. मागच्या तीन दिवसांचा आलेख तयार होतो, कधी जोडलं, कधी तुटलं, सगळं त्यात येतं.

मृगजळ (रविवार, संध्याकाळी ७:३०)

७:२१ला परत तुटला. नोंदवहीत कारण क्रमांक १६. अंगावर काटा आला. तुम्ही माझ्या घरात तर नाही ना बसलेले?

शून्यवादी

यादीत सातवं यंत्र दिसतंय का बघा.

बिनतारी

हा हा. आता उपाय. राउटरमध्ये तो काळ ३६००वरून वाढवता येतो, पण त्याने नुसती दुखण्याची वेळ लांबते. मूळ दुखणं ड्रायव्हरचं. लॅपटॉप विकत घेताना बहुधा विंडोज ८ असणार, नंतर १०वर नेलात आणि जुना ड्रायव्हर तसाच सोबत आला. विंडोजच्या 'ड्रायव्हर अद्ययावत करा' या बटणावर विसंबू नका. बरेचदा ते 'सर्वोत्तम ड्रायव्हर आधीच आहे' एवढंच सांगतं. लॅपटॉप बनवणाऱ्याच्या, नाहीतर वायफाय कार्ड बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावर कार्डाचा नेमका नमुना शोधा. आधीचा ड्रायव्हर लगेच पुसू नका. नवा बिघडला तर डिव्हाइस मॅनेजरमधून मागे फिरता येतं.

ड्रायव्हर नवा ठेवण्याला आणखी एक कारण आहे. २०१७च्या ऑक्टोबरमध्ये मॅथी व्हॅनहूफ आणि फ्रँक पिसेन्स यांनी डब्ल्यूपीए२वरचा 'क्रॅक' हल्ला जाहीर केला. तो त्याच चार निरोपांवर आणि ग्रुप कीच्या निरोपावरही होता. तिसरा निरोप पुन्हा पाठवून यंत्राला तीच किल्ली पुन्हा बसवायला लावायची, अशी युक्ती. त्यातला मुख्य हल्ला राउटरवर नव्हता, जोडणाऱ्या यंत्रावर होता. तेव्हा राउटर नवा आणला म्हणून लॅपटॉप सुटत नाही.

जुनं_ते_सोनं

एक खरा प्रश्न, चिडवायला नाही. डब्ल्यूपीए२ला भोक पडलं, मग डब्ल्यूपीए३ आलं. २०१८ ना? त्यालाही २०१९मध्ये त्याच व्हॅनहूफ यांनी 'ड्रॅगनब्लड' नावाने खोड काढली. मग या नव्याच्या मागे धावायचं कशाला?

बिनतारी

प्रश्न चांगला आहे. ड्रॅगनब्लडमधल्या बऱ्याचशा त्रुटी सॉफ्टवेअर सुधारून बुजवता आल्या. फरक दुसरीकडे आहे. डब्ल्यूपीए२ची ती चार निरोपांची देवाणघेवाण कोणी एकदा टिपून नेली की घरी बसून, तुमच्या राउटरला पत्ता लागू न देता, लाखो पासवर्ड तपासून पाहता येतात. पासवर्ड म्हणून मोबाइल नंबर ठेवणारे त्यात पहिले सापडतात. दहा आकडे संगणकाला किती पुरणार! डब्ल्यूपीए३मध्ये प्रत्येक अंदाजासाठी राउटरशी प्रत्यक्ष बोलावं लागतं, घरी नेऊन फोडायला काही हाती लागत नाही. तुमचा डब्ल्यूपीए२चा पासवर्ड लांब आणि कोणाच्या मनात न येणारा असेल तर आज तुम्ही उघड्यावर नाही. पण दहा आकडी नंबर असेल तर आहात.

जुनं_ते_सोनं

... पासवर्ड बदलायला जातो.

टिपकागद

लपवलेलं नाव, मॅक फिल्टर आणि मोबाइल नंबर. काका, तुमचं घर म्हणजे अभ्यासक्रम आहे.

मृगजळ (मंगळवार, रात्री ९:१५)

दोन दिवसांनी हजेरी. कार्ड बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावर २०१९चा ड्रायव्हर मिळाला, तो घातला. काल सकाळपासून एकदाही तुटला नाही. नोंदवहीतून १६ गायब.

पण ८०२.११डब्ल्यूपुढे अजून 'नाही'च आहे. म्हणजे मिश्र प्रकार लावला की लॅपटॉप परत रुसतो, करून पाहिलं. आणि या एका लॅपटॉपसाठी सगळ्यांना डब्ल्यूपीए२वर ठेवायचं मनाला पटत नाही.

अर्धवट_अभियंता

पाहुण्यांचं नेटवर्क वापरा ना. बऱ्याच राउटरवर गेस्ट नेटवर्कला वेगळी सिक्युरिटी देता येते. घर डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३वर, आणि गेस्टला वेगळं नाव, वेगळा पासवर्ड, फक्त डब्ल्यूपीए२, एईएस. लॅपटॉप पाहुणा. दुसरा मार्ग म्हणजे यूएसबीत खोचायचं नवं वायफाय कार्ड, डब्ल्यूपीए३ येणारं. जुनं आतलं कार्ड बंद करून ठेवायचं. आणि हो, विंडोज १०चे नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबलेत, म्हणजे लॅपटॉप कसाही आता वेगळ्या खोलीत ठेवलेलाच बरा.

मृगजळ (बुधवार, सकाळी ८:५०)

गेस्ट नेटवर्क केलं. लॅपटॉप खूष, फोन डब्ल्यूपीए३वर, आई मालिकेवर. आणि आता लॅपटॉपला प्रिंटर दिसत नाही.

बिनतारी

दिसणारच नाही. पाहुण्यांना घरातल्या यंत्रांपासून वेगळं ठेवणं हेच गेस्ट नेटवर्कचं काम. काही राउटरवर 'पाहुण्यांना स्थानिक नेटवर्क वापरू द्या' असा पर्याय असतो, पण तो लावला तर वेगळी खोली कशाला केली?

मृगजळ

मग?

टिपकागद

प्रिंटरच्या मागे यूएसबीचं भोक असेल. केबल लावा.

मृगजळ (बुधवार, सकाळी ९:१०)

केबल सापडली. प्रिंटरच्याच खोक्यात, पिशवीसुद्धा न फोडलेली. पहिलं पान छापलं. बिनतारी वायफायचा प्रश्न तारेने सुटला.

शून्यवादी

बिनतारी, तुमच्या आयडीला हा अपमान सहन होतोय का?

बिनतारी

माझं स्वतःचं टेबल तारेवरच आहे. कोणाला सांगू नका.

पेंग्विनप्रेमी

मला अजूनही वाटतं की लिनक्स

शून्यवादी

नाही.

नवाकोरा_पाहुणा (शुक्रवार, रात्री ११:३०)

नमस्कार. धागा खूप लांब आहे, वाचला नाही. माझाही लॅपटॉप म्हणतो की बरोबर नाही, पण की बरोबर आहे. पासवर्ड काढून टाकू का?

बिनतारी

ड्रायव्हरची तारीख सांगा.